पाचवी टोपी

मुंगी माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायला. अकरा वर्षांची पोर, पाठीला दप्तर, दोन्ही हातांत कवळून धरलेला आईचा जाड कोट. कोटामागून तिचे फक्त डोळे दिसत होते.

"मावशी, तुम्ही बसवलेली चेन अडकते," ती म्हणाली. "आई स्वतःहून सांगणार नाही, म्हणून मी आले."

दुकान म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची माझी एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लागून कापायचं टेबल, आणि दारामागे चिंध्यांचं पोतं. पॅन्टी आखूड करणं, पडदे शिवणं, चेन बदलणं, असली माझी कामं. इतक्या वर्षांत चेन अडकते म्हणून कुणी परत आलं नव्हतं, त्यामुळे मला जरा रागच आला. मी चेन वर-खाली करून दाखवली. पहिल्यांदा सरकली, दुसऱ्यांदा सरकली, तिसऱ्यांदा अडकली. अस्तराची कड शिलाईच्या बाहेर आली होती. चूक माझीच होती. मी निमूटपणे उसवायला घेतलं आणि ती मशीनला नाक लावून उभी राहिली.

काम संपल्यावरही ती हलेना. "आता काय?" मी विचारलं.

"मला शिवायला शिकवाल? मला आईला टोपी घालायचीय."

मला हसू आवरेना. "अगं, सख्ख्या आईला कुणी टोपी घालतं का?"

ती हसली नाही. कपाळाला आठी घालून तिने सगळं नीट सांगितलं. तिची आई शीतगृहात काम करायची. बर्फासारख्या थंड खोलीत वाटाणे आणि मक्याचे दाणे पाकिटांत भरायचे, आठ-आठ तास. तिथून मिळालेली टोपी पातळ होती, कानांवर यायची नाही, आणि टोचायची. संध्याकाळी घरी आली की आई खुर्चीत बसून दोन्ही तळहातांनी कान दाबून धरायची. जेवतानासुद्धा एक हात कानावर.

"विकत मिळतात की टोप्या," मी म्हटलं.

"दोन आणल्या. एक टोचते, दुसरी डोळ्यांवर येते."

दोघी आमच्याच इमारतीत वर राहायच्या; घरात दोघीच. मुंगीला हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं, कारण अंगाने एवढीशी, पण एकदा काही धरलं की सोडायची नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, चार दिवस येईल आणि कंटाळेल.

पहिल्या दिवशी मी तिला मशीनवर बसवलं, पण सुईत दोरा ओवू दिला नाही. रेघांच्या वहीचं एक पान दिलं आणि सांगितलं, या रेघेवरून सुई चालव. नुसती भोकं पाड. पहिलं पान बघून वाटलं, रस्ता चुकलेली गोगलगाय गेली असावी. तिने दुसरं पान घेतलं, मग तिसरं. आठवड्याभरात वही संपली. शेवटच्या पानावरची भोकं इतकी सरळ होती की पान त्या रेघेवर दुमडलं की अलगद फाटायचं.

मग मी पोतं उघडलं. जॅकेटांची कामं करताना उरलेले फ्लीसचे तुकडे त्यात होते. दोन्ही बाजूंनी लव असलेलं ते मऊ, उबदार कापड. नवशिक्याला असं दुसरं कापड नाही. कापलं तरी धागे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही, टाका थोडा वाकडा गेला तर लवेत लपून जातो. तिने एका तुकड्याचा गळपट्टा केला, दोन्ही टोकांना कात्रीने झालर कापली, आणि स्वतःच गळ्यात घालून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती थेट टोपीवरच.

"आधी एखादी पिशवी तरी शीव," मी म्हटलं.

"पिशवी आईच्या कानांवर येईल का?"

मी मापाची फीत काढली.

मी मापं घ्यायला शिकवलं, शिलाईसाठी चारी बाजूंनी जादा कापड, म्हणजे माया, सोडायला शिकवलं. टाचण्या फ्लीसच्या लवेत हरवतात आणि मग बोटाला सापडतात, म्हणून तिने घरून कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. निळ्या-पिवळ्या चिमट्यांनी पकडलेली ती टोपी साळिंदरासारखी दिसत होती. शिवून झाली. घालायला गेली तर भुवयांच्या वर येऊन अडकली.

"माप तर बरोबर घेतलं होतं!" ती म्हणाली.

मी तिच्या हातात एक तुकडा दिला. "आडवा ओढ. आता उभा ओढ."

आडवा ओढला की ताणला जायचा, उभा ओढला की जागचा हलायचा नाही. तिने ताण डोक्याभोवती ठेवायच्या ऐवजी वरून खाली ठेवला होता. हे मी तिला आधी सांगू शकले असते. सांगितलं नाही. स्वतःच्या हाताने चुकलेलं माणूस विसरत नाही, असं माझं मत. तेव्हा तिचा चेहरा पाहून मात्र ते मत जरा डळमळलं.

दुसरी टोपी डोक्यावर बसली. तिने आनंदाने दोन्ही हातांनी कानांवर ओढली, आणि टच्, टच्, टच् करत मागची शिलाई तुटली. कापड ताणलं, सरळ टाका ताणला गेला नाही. मी तिला नागमोडी टाका दाखवला, जो कापडाबरोबर लांबतो. त्यातच मशीन अडलं. आत फ्लीसची लव भरून खालच्या दोऱ्याचं शटल चिकटून बसलं होतं. तिने माझ्याकडून जुना ब्रश घेतला, मशीनचं पोट उघडलं आणि अर्धा तास आतली घाण काढत बसली. मला वाटतं, शिवण्याइतकाच तिला त्यात आनंद झाला.

तिसरी टोपी देखणी झाली. लाल रंगाची, कानांवर नीट बसणारी. मी पडद्याच्या मापासाठी वरच्या मजल्यावर गेले होते. परत आले तर मुंगी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी, रडण्याच्या बेतात. टोपी आईला द्यायची तर कडक इस्त्रीची द्यावी, म्हणून तिने गरम इस्त्री फिरवली होती. फ्लीस म्हणजे शेवटी प्लास्टिकचाच धागा. कपाळावरचा सगळा भाग वितळून, चकाकून, पापडासारखा कडक झाला होता.

"हे तुम्ही का नाही सांगितलंत?" ती ओरडली.

तिचं बरोबर होतं. ताणाची गोष्ट वेगळी; इस्त्रीची मी सांगायलाच हवी होती. मी तसं तिला म्हटलं. मोठ्या माणसाने चूक कबूल केल्याचं तिला इतकं नवल वाटलं की ती रडायची राहून गेली. तिने नाक पुसलं आणि पोत्यात हात घातला. "लाल आहे का अजून?"

चौथी टोपी घेऊन ती घरी गेली. त्या आठवड्यात ती दुकानात आली नाही, तेव्हा मी समजले की काम फत्ते झालं. सोमवारी आली. दप्तरातून लाल टोपी काढून टेबलावर ठेवली.

"गेटवरूनच परत पाठवली. सुपरवायझरबाई म्हणाल्या, असली टोपी आत चालणार नाही."

"का?"

"आईने विचारलंच नाही. ती कधी विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मी विचारणार आहे. उद्या पाळी सुटते तेव्हा. तुम्ही याल?"

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. परक्या कामाच्या ठिकाणी जाऊन कुणाशी हुज्जत घालायची माझी ताकद नाही. पण पोरगी एकटीही गेलीच असती. म्हणून गेले.

शीतगृहाचं गेट म्हणजे लोखंडी दार, बाजूला एक छोटी खोली, खोलीत वजनकाटा. सुपरवायझरबाई उंच होत्या, केस जाळीत घट्ट बांधलेले, आणि आवाज असा की दाण्यांनीही रांगेत उभं राहावं. मुंगीची आई शेजारी मान खाली घालून उभी होती. लेकीला बघून तिचा जीव अर्धा झाला असावा. "अगं, तू कशाला आलीस?" ती हळूच म्हणाली.

मुंगीने टोपी पुढे केली. "बाई, ही का चालत नाही?"

बाईंनी तिला खालून वर पाहिलं. मग खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं, वीतभर पट्टी तोडून टोपीवर दाबली आणि ओढून उजेडात धरली. पट्टी लाल तंतूंनी भरून गेली होती.

"हे वाटाण्याच्या पाकिटात गेलं तर? उद्या तुझ्याच ताटात लाल केस निघाला तर खाशील?"

मला वाटलं, संपलं. मुंगीने दप्तरातून वही काढली.

"मग कसली चालेल?"

"अं?"

"टोपी कशी असली तर चालेल, ते सांगा. मी लिहून घेते."

बाईंनी रीळ खिशात ठेवलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि जसजसं सांगत गेल्या तसतसा आवाज उतरत गेला. पट्टी लावली तर काही चिकटता कामा नये. बटण नको, नाडी नको, गोंडा नको. रोज धुता आली पाहिजे. वरून केसांची जाळी बसली पाहिजे. मुंगीने सगळं लिहिलं, आणि शेवटी विचारलं, "आतल्या बाजूला लव असली तर?"

"आत कसली का असेना. बाहेर यायला नको."

परतीच्या वाटेवर मुंगीचं दप्तर आईने स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

आता खरं कसब लागणार होतं. आत फ्लीस, बाहेर गुळगुळीत कापड, आणि दोन्हींच्या मध्ये सगळ्या शिलाया झाकलेल्या. पण साधं गुळगुळीत कापड ताणलं जात नाही. त्याची टोपी पुन्हा भुवयांवर अडकणार. मी माझ्याकडचं सगळं कापड काढलं. ती एकेका तुकड्याला चिकटपट्टी लावायची, ओढायची, उजेडात धरायची, मग आडवं ताणून बघायची. एकही पास होईना. तिसऱ्या दिवशी ती आखूड झालेली शाळेची खेळाची पॅन्ट घेऊन आली. चकचकीत, ताणणारी, काळी. पट्टी कोरी निघाली.

"आईला विचारलंस का?" मी म्हटलं.

"गुडघ्यापर्यंतच येते मला. कापू?"

मग सुरू झाले उलटापालटीचे खेळ. दोन टोप्या वेगवेगळ्या शिवायच्या, सुलट बाजू आत ठेवून एकीत एक घालायच्या, कडेने शिवत यायचं आणि चार बोटं जागा सोडायची. त्या जागेतून सगळं बाहेर ओढलं की अस्तर आत आणि कापड वर. ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा ती जागा सोडायलाच विसरली आणि टोपी चारी बाजूंनी बंद झाली. दुसऱ्यांदा उलटली, तर काळ्या कापडाच्या शिलाया बाहेर. तिने दोन्ही वेळा टाके एकेक करून काढले. फ्लीसमधले टाके दिसत नाहीत, बोटांनी चाचपावे लागतात. मी म्हटलं, दे, मी उसवते. तिने टोपी छातीशी धरली. "तुम्ही चहा प्या."

ती पाचवी टोपी. काळी, आतून लाल. कानांवर येणारी, डोळ्यांवर न येणारी.

या वेळी आम्ही सकाळीच, पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर गेलो. सुपरवायझरबाईंनी पट्टी तीनदा लावली. समोर, मागे, शिलाईवर. तिन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. टोपी उलटी करून टाके ओढून पाहिले. आईच्या डोक्यावर घालून वरून जाळी चढवून पाहिली. मुंगी वहीतली यादी बघत एकेक अट मोजत होती.

"चालेल," बाई म्हणाल्या. आणि गेट उघडलं.

त्या संध्याकाळी आई वर घरी न जाता आधी माझ्याकडे आली. टोपी अजून डोक्यावरच होती. ती कमी बोलणारी बाई. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आज मला थंड खोलीतल्या त्या पंख्यांची घरघर ऐकू आली नाही. इतकी वर्षं डोक्यात फिरत होती." मग आत येऊन खुर्चीवर बसली. दोन्ही हात मांडीवर. मुंगी बघत होती. मी तिला दोरे गोळा करायला लावलं, नाहीतर आम्ही तिघी उगाच रडलो असतो.

पुढचं ओघानेच आलं. आईच्या पाळीतल्या सात बायकांना तसलीच टोपी हवी होती. मुंगी म्हणाली, "मी शिवणार नाही. शिकवीन." मला वाटलं, हा पोरीचा आगाऊपणा. पण बायका शनिवारी दुपारी आल्या, आपापल्या मुलांच्या जुन्या खेळाच्या पॅन्टी आणि चिमटे घेऊन. चाळिशीच्या बायका आणि अकरा वर्षांची मास्तरीण. एकीने इस्त्रीकडे हात नेला तर मुंगी अशी किंचाळली की तिच्या दुसऱ्या हातातला चहा सांडला. सुपरवायझरबाईही एकदा डोकावल्या. तपासायला आले म्हणाल्या आणि दोन तास बसल्या.

आता ती चौदा वर्षांची आहे. माझं मशीन अडलं की तीच उघडते, आणि शेजारच्या इमारतीतूनही तिला बोलावणी येतात. सध्या तिला पाच बोटांचे हातमोजे शिवायचेत, कारण पाकिटांच्या गाठी मारताना आईची बोटं बधिर होतात. मी तिला स्वच्छ सांगितलं, मी आयुष्यात हातमोजा शिवलेला नाही, मला येत नाही. ती म्हणाली, "बरं झालं. म्हणजे या वेळी माहीत असून न सांगणं जमणार नाही तुम्हाला."

काल आम्ही एक जुना हातमोजा टाका न् टाका उसवला आणि त्याचे तुकडे टेबलावर पसरले. बोटांच्या मधल्या पट्ट्या, अंगठ्याचा वाकडा तुकडा, मनगटाची पट्टी. एका हातमोज्याचे एवढे तुकडे असतात हे मला या वयात कळलं. मुंगीने प्रत्येकावर खडूने आकडा घातला आहे. अंगठा कुठल्या बाजूने सुरू होतो, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.