नीनाकाकूची नवमी

मनमाडला गाडी बदलली की निजामाचा मुलूख सुरू होतो. करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने आमची ट्रंक उघडायला लावली. वरच खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या बघून त्याने हसत विचारलं, "शादी है क्या?" आमच्या ह्यांना खरं बोलायची भारी हौस. म्हणाले, "नाही, श्राद्ध." शिपायाने बांगड्यांकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने झाकण लावलं.

श्राद्ध माझ्या नीनाकाकूचं होतं. काकू मूळची इटलीची. नानाकाका बोटीवर इंजिनाच्या कामाला होते. जिनोव्हा बंदरात आजारी पडून मागे राहिले आणि परतले ते बायको घेऊनच. पुण्यात थारा मिळेना, तेव्हा जवळा बाजारला कापसाच्या जिनात (सरकी काढायच्या गिरणीत) इंजिन सांभाळायला गेले. तिथेच काकू गेल्या पावसाळ्यात हिवतापाने वारली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची पितृपंधरवड्यात अविधवा नवमी करतात. एक सवाष्ण तिच्या नावाने जेवते. काकांनी आईला कळवलं होतं की सवाष्ण आपल्या घरची हवी, नाहीतर नीना आपल्या घरची होती असं कोण म्हणणार? आईचे गुडघे नेमके तेव्हाच दुखू लागले. आई काकूला कधी जाऊ म्हणाली नाही, कायम "ती बाई". शेवटी मी म्हटलं, मी जाते.

त्यानंतर काकू पुण्याला एकदाच आली होती, मी परकरात असताना. आईने तिचं पान एकटीचं, बाहेर ओसरीवर मांडलं. गोरीपान बाई, अंगावर नऊवारी, मांडी घालून जेवली आणि मराठवाडी थाटात म्हणाली, "लई ग्वाड झालं, जाऊबाई. अजून वाढा." आम्ही पोरं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी मला गोवर उठला तेव्हा उशाशी तीच बसून होती, "काहून भेऊन राहिली, मी हाय ना" म्हणत. त्यानंतर तिच्यावर हसायची माझी छाती झाली नाही.

वसमतला उतरलो तर स्टेशनाबाहेर काकांनी पाठवलेली बैलगाडी उभी. गाडीवान रहीमभाई, पांढऱ्या दाढीचे. कोण, कुठले, विचारून झालं. मी नीनाबाईंची पुतणी म्हणताच त्यांनी स्वतःची घोंगडी काढून माझ्या बैठकीवर अंथरली. गावात देवी आल्या तेव्हा लोक गाव सोडून रानात राहिले, आणि काकू मात्र रहीमभाईंच्या नातवंडांना कडुलिंबाच्या पाण्याने पुसत त्यांच्याच घरात बसली होती, असं त्यांनी सांगितलं. दोन्हीकडे ज्वारी आणि कापूस हिरवागार. काळी माती चाकांना अशी चिकटत होती की उतरून ढकलावं लागलं. त्यात ह्यांचा एक बूट गेला तो गेलाच. जवळ्यात ते एका पायाने पोचले.

काकांच्या घरी गल्लीतल्या बाया आधीच जमल्या होत्या. पुरण शिजत होतं, वडे, खीर, आळूची भाजी, कशाला कमी नव्हतं. काका मात्र भिंतीला टेकून बसलेले. जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "हे सगळं ती खायची गं. पण जीव होता तो एकाच गोष्टीवर. शेळीच्या दुधाचा खारा गोळा."

मी म्हटलं, मग तोही पानात वाढू, मी करते. तो गोळा करायला चांगलं दूध मुद्दाम नासवायचं. तिच्या माहेरची ती रीत. पण नवमीचं पान, आणि नासवलेलं दूध! बायांचे हात जागच्या जागी थांबले. शेळ्यावाली सोजरबाई काकूची जिवाभावाची मैत्रीण. चरवी घेऊन दारातच उभी राहिली.

"न्हाई नाना. पितराच्या दिशी सवाशिणीनं दूध नासवावं काय? अजून लेकरू व्हायचंय तिला. अन् माझी शेळीबी आटंल."

 माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. व्रतं, नवस, सगळं चाललेलं. काका म्हणाले, "राहू दे पोरी." ते इतक्या सवयीने म्हणाले, की मला ओसरीवरचं ते एकटं पान आठवलं. किती वेळा राहू दे म्हटलं असेल काकांनी, आणि किती वेळा तिने राहू दिलं असेल!

मी सोजरबाईला विचारलं, काकू कसं करायची?

 ती म्हणाली, "आधी शेळीला हळदकुकू लावायची. तिची परवानगी घ्याया. मंग अंजिराची फांदी."

मी शेजारीच तिच्या गोठ्यात गेले, बायाही मागोमाग आल्या. शेळीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला, तेवढ्यात तिने माझी वेणी (गजरा) केसांतून ओढून फस्त केली. बाया हसल्या. सोजरबाई म्हणाली, "घ्या, दिली परवानगी," आणि चरवी माझ्या हातात दिली.

परसात काकूने लावलेलं अंजिराचं झाड होतं. त्याची कोवळी फांदी सोलून तिच्या पांढऱ्या चिकासकट कोमट दुधात फिरवायची. मी फिरवत राहिले. दूध दह्यासारखं धरलं. मग सोजरबाईने आपणहून फडकं धरलं, पाणी पिळून काढलं, मीठ लावलं. गोळा पानात उजव्या बाजूला, पुरणपोळीच्या शेजारी वाढला.

खरं सांगायचं तर मला तो मुळीच आवडला नाही. खारट, आणि शेळीचा उग्र वास. पण काका समोर बसून माझ्या घासाकडे बघत होते. मी शेवटचा कण संपवला आणि म्हटलं, "लई ग्वाड झालं. अजून वाढा."

काकांनी उपरणं तोंडाला लावलं आणि ते लहान मुलासारखे रडले.

निघताना सोजरबाईने अंजिराची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. मनमाडच्या शिपायाने तीही उलगडून पाहिली.

पुण्याला आधी आईकडे गेले. सगळं सांगितलं, दूध नासवल्याचंही. वाटलं, आता आकांत होणार.  पण आईने एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्याकडे ती जेवली, ते तिला आवडलं नसेल?"

 फांदी घेऊन मी परसाकडे निघाले. आईने मागून हाक मारली.

"तिकडे नको. पुढे लाव, दारात. कोणी विचारलं तर मी सांगेन, माझ्या जावेचं आहे."