शेजारची मोटार

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एका उन्हाळ्यात आमच्या नळाला आवाज फुटला. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलनीत सकाळी साडेपाचला पाणी यायचं ते सातपर्यंत. एरवी तेवढ्या वेळात हौद भरून अंगणात सडा व्हायचा. त्या वर्षी मात्र नळ सोडला की भिंतीतला पाईप घुरघुरायचा आणि तोटीतून करंगळीएवढी धार पडायची. पलीकडे शेजारणीची बादली भरून वाहिल्याचं मला स्पष्ट ऐकू यायचं.

मी तिथंच ओळखलं. यांनी नळाच्या लाईनला मोटार जोडली आहे आणि आमच्या वाटचं पाणी ओढताहेत. बेकायदा असलं तरी हा उद्योग तेव्हा बरेच जण करायचे.

नवऱ्यानं प्लंबर आणला. त्यानं तोटीचं वायसर बदललं, भिंतीवरचा पाईप आवळला. घुरघुर होती तशीच राहिली. माझा संशय आणखी पक्का झाला.

मग मी पहाटे कंपाउंडच्या भिंतीशी उभी राहून पाईपाला स्टीलचा पेला लावून ऐकायला लागले. मोटारीनं त्यांच्याकडचा दिवा मिणमिणतोय का पाहायचे. त्यांच्या दोरीवरचे कपडे मोजायचे, एवढं धुणं थोड्या पाण्यात निघतं का म्हणून. मध्येच शेजारीण सगळं घर घेऊन आठवडाभर जयसिंगपूरला भावाकडे गेली. घराला कुलूप होतं, तरी आमचा पाईप घुरघुरतच होता. दुसरं कुणी असतं तर वरमलं असतं. मी ठरवलं, की किल्ली कुणाकडे तरी देऊन गेली असणार. नवरा म्हणाला, तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस, निम्मं गाव आत गेलं असतं.

ही शेजारीण मूळची कर्नाटकाच्या हद्दीकडची. मला अक्का म्हणायची. तिची शाळा दुसरीतच सुटली होती, म्हणून जयसिंगपूरच्या भावाला पाठवायची कार्डं माझ्याकडून लिहून घ्यायची. मी लिहीत असताना शेजारी बसून पेनाकडे टक लावून बघायची. लिहून झालं की कार्ड उलटसुलट करून शाईवर फुंकर घालायची. त्या उन्हाळ्यात तिनं भावाला एक ओळ सांगितली, "आमच्यात पाणी मोप हाय, काळजी करू नको." मी ती लिहिली आणि मनात म्हटलं, घ्या, आपल्या तोंडानं कबूल झाली.

चार दिवसांनी मी पाणीखात्याला अर्ज दिला. सगळा मजकूर मुद्देसूद लिहिला आणि खाली नावाऐवजी 'एक त्रस्त नागरिक' असं घातलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

एका सकाळी साहेब आणि दोन माणसं आली. त्यांनी शेजारच्यांचा नळ उकरला, मोरी पाहिली, गच्ची पाहिली, कॉटखाली वाकून पाहिलं. गल्ली गोळा झाली. ती डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. साहेबांनी तिच्यासमोर अर्जाचा कागद धरून काहीतरी विचारलं, तिनं नुसती मान हलवली. मोटार काही सापडली नाही. खरं सांगते, मला लाज वाटली नाही, वाईट वाटलं ते मोटार न सापडल्याचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवरून एक हिरवी नळी आमच्या अंगणात आली. ती पलीकडून म्हणाली, "अक्का, हौदात सोडा. आमचं भरलंय." मी नळी हौदात सोडली आणि मनात म्हटलं, मोटार लपवून आता साव बनतेय. त्यानंतर ती कार्ड लिहून घ्यायला आली नाही. तेव्हाही मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

नळीच्या पाण्यावर महिना गेला. नवऱ्याला ते बरं वाटेना, त्यानं प्लंबरला पुन्हा बोलावलं. या वेळी प्लंबरनं पाणी चालू असताना मीटरजवळचा जोड खोलला. असा फवारा उडाला की तो नखशिखांत भिजला. तोंड पुसत म्हणाला, "गल्लीत काय अडल्यालं न्हाय. तुमच्याच घरात अडलंय."

नवरा माझ्याकडे पाहून म्हणाला, काखेत कळसा.

पाईप धुण्याच्या दगडाखालून जात होता. प्लंबरनं तिथला कोपरा फोडून आतला जोड काढला. त्यातून लाडवाएवढा चिखलाचा गोळा पडला. त्यात एक जाळी होती आणि जाळीवर बांधलेलं कापड. मी ते तांब्याभर पाण्यानं धुतलं. पिवळं नायलॉन, त्यावर जांभळी फुलं.

ते कापड मी ओळखलं. माझी मुलगी तीन वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती. पावसाळा होता, नळाला गढूळ पाणी यायचं. तेव्हा शेजारणीच्या नवऱ्यानं भर पावसात बसून आमच्या पाईपात ती जाळी घातली होती. आणि हिनं नेसत्या नायलॉनच्या साडीचा पदर टर्रकन फाडून दिला होता, सुती कापड कुजेल म्हणून. महिन्याला काढून धुवा, असंही सांगितलं होतं. पुढे आम्ही त्यावर धुण्याचा दगड बसवला आणि सगळं विसरून गेलो.

ठोकाठोकी ऐकून ती आलीच. माझ्या हातातलं कापड पाहून हसली. "ही माझी साडी की."

मला राहवलं नाही. "वहिनी, तो अर्ज मी दिला होता."

तिनं हौदातली नळी काढली आणि हातावर गुंडाळायला लागली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "सायबानं कागद दावला तवाच वळखलं. मला वाचाय येत न्हाय, पर भावाला कार्डं धाडतोय ती त्याच हातची की."

"मग नळी का दिलीत?"

"तुमच्यात पाणी न्हवतं," ती म्हणाली आणि नळी घेऊन गेली.

आमच्या नळाचा आवाज त्या दिवशी थांबला तो थांबलाच. ती पुढंही बोलायची, दह्याची वाटी आणून द्यायची. एकदा मीच विचारलं, भावाला कार्ड लिहून देऊ का. ती म्हणाली, नको, गिरणीवाला देतोय लिहून. गिरणीवाल्याचं अक्षर कुणालाच लागायचं नाही. हे तिलाही माहीत होतं.