कन्नड जाहिरातीतली चौथी टीप

मी हट्टी आहे हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक आहे. साडीचा रंग, भाजीतला गूळ, असल्या फुटकळ गोष्टींवर मी पुष्कळ हट्ट वाया घालवला. नोकरीत मात्र तो एकदाच नीट कामाला लावला, तोही वर्तमानपत्रातल्या चार बारीक ओळींसाठी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होते. लोखंड कापायची मोठी मशिनं तिथं बनत. लग्नानंतर सांगलीहून बेंगळुरूला आले, तेव्हापासून नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर आणि मी हेब्बाळहून दोन बस बदलून पीण्याला, असा आमचा संसार चालला होता.

कंपनीचे शेअर बाजारात होते, म्हणून दर तीन महिन्यांनी निकाल छापावे लागत. ही तिमाहीची पद्धत तेव्हा नवीनच होती. एक जाहिरात इंग्रजी पेपरात, एक कन्नड पेपरात. वर आकडे, खाली बारीक अक्षरांत टिपा. आकडे मी मांडायची आणि टिपाही मीच लिहायची. त्या टिपा कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही.

त्या जूनच्या अखेरीला मी आणि आमचे स्टोअरकीपर शेडमधला माल मोजत होतो. ते बेंगळुरूजवळच्या आनेकलचे. घरात पिढ्यान्पिढ्या मराठी, पण शाळा कन्नड, त्यामुळे वाचायचे ते कन्नडच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ते मला अक्का म्हणायचे. मोजलेल्या मशीनवर खडूने फुली मारता मारता ते म्हणाले, "ऑगस्टात रिटायर होतो अक्का. फंडाचे पैसे येतील. आपल्या कंपनीचेच शेअर घ्यावे म्हणतो. मागच्या वर्षी पेपरात बघितलं, नफाच आहे. सरी ना?"

तो नफा कसला आहे ते मला माहीत होतं. निकाल छापून येईपर्यंत मला कुणाशी एक शब्द बोलायची मुभा नव्हती. मी म्हटलं, निकाल येऊ देत, तो वाचा आणि मगच ठरवा. ते हो म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे वळले.

मला काय माहीत होतं ते सांगते. कारखान्याचं भाडं, पगार, वीज हा सगळा खर्च आम्ही त्या तिमाहीत बनलेल्या मशिनांवर वाटून टाकायचो. बारा मशिनं बनली तर बारांवर. पण मागच्या वर्षापासून ऑर्डरी आटल्या आणि पाचच बनू लागली, तेव्हा तोच सगळा खर्च पाचांवर बसू लागला. त्यातली तीन विकलीच जायची नाहीत. गिऱ्हाईक नाही, पण शेडमध्ये उभ्या उभ्या मशीन महाग होत होतं, आणि तेवढा खर्च तोट्यात न जाता शिलकी मालात लपत होता. कागदावर नफा दिसत होता. मागचं सगळं वर्ष मी हे असंच मांडलं. कुणी हरकत घेतली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही.

एप्रिलपासून माल मोजण्याच्या हिशेबाचा नवा नियम लागू झाला. खर्च वाटायचा तो नेहमी जेवढी मशिनं बनतात तेवढ्यांवर. कारखाना रिकामा बसला तर त्याचा खर्च त्याच काळाच्या माथी. मी नव्या पद्धतीने आकडे मांडले. जमिनीचा एक तुकडा विकला होता म्हणून नफा उरला, पण चिमूटभर.

आमचे फायनान्स मॅनेजर नागपूरचे. माणूस वाईट नव्हता, पण मालकांसमोर उभं राहायचं त्यांना होतं. ते म्हणाले, नवा नियम वर्षाच्या हिशेबाला, तिमाहीला कसली घाई, मार्चमध्ये पाहू. मी म्हटलं, वर्ष एप्रिललाच सुरू झालं, हे तीन महिने त्याच वर्षातले आहेत. आत्ता जुनी पद्धत ठेवून मार्चला बदलली, तर मधल्या काळात ज्यांनी शेअर घेतले त्यांच्याच गळ्यात सगळं येईल.

"काहून एवढा हट्ट करून राहिल्या तुम्ही?" ते म्हणाले. "हे कोणी वाचत नाही."

"जुन्या पद्धतीने मांडायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडून मांडून घ्या. मी मांडणार नाही."

बोलून गेले खरी, पण धोका माहीत होता. त्या वर्षी माझी बढती व्हायची होती. दोन दिवस त्यांनी माझे कागद तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऑडिटरना फोन लावला, आणि ऑडिटरनी माझ्या बाजूने सांगितलं. आकडे नव्या पद्धतीने गेले. खाली मी चौथी टीप लिहिली: माल मोजायची पद्धत बदलली आहे, जुन्या पद्धतीने नफा याच्या कितीतरी पट दिसला असता, मागच्या वर्षीचे आकडे जुन्या पद्धतीचे आहेत, त्यांच्याशी तुलना करू नये. किती पट तेही आकड्यात लिहिलं. संचालकांनी सही केली. मला वाटलं, जिंकले.

छापायच्या आदल्या दिवशी दुपारी जाहिरात एजन्सीकडून कन्नड जाहिरातीचा फॅक्स आला. मला कन्नड बसच्या पाट्यांपुरतं यायचं, पण मोजता येत होतं. इंग्रजीत चार टिपा होत्या, कन्नडमध्ये तीन. एजन्सीला फोन केला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, कन्नड जाहिरातीची जागा लहान घेतली आहे, सेंटीमीटरवर पैसे पडतात, तुमच्या साहेबांनीच शेवटची टीप काढायला सांगितली.

तेव्हा माझं डोकं सणकलं. इंग्रजी पेपर मुंबईचे दलाल वाचणार होते, त्यांना टीप नसती तरी आतली खबर होतीच. कन्नड पेपर अण्णा वाचणार होते.

मी पट्टी घेऊन फॅक्स टेबलावर पसरला. सर्वांत वर कंपनीचं बोधचिन्ह होतं, आणि त्याखाली नव्या शतकाकडे आमची झेप की काय अशी एक ओळ. दोन्ही मिळून अडीच सेंटीमीटर. चौथ्या टिपेला दोन लागत होते. मी दोन्हीवर लाल रेघ मारली आणि कागद मॅनेजरांसमोर ठेवला. जागाही वाढत नाही, पैसेही वाढत नाहीत, म्हटलं, फक्त झेप कमी होते. एका निकालाची दोन रूपं छापली तर उद्या उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, हेही सांगितलं. त्यांनी पट्टीने पुन्हा एकदा मापून पाहिलं आणि सही केली.

निकाल छापून आला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अण्णा माझ्या टेबलापाशी आले. हातात घडी केलेला पेपर.

"ही चार नंबरची टीप अक्का. स्वल्प समजावून सांगा."

आता सांगायला काही आडकाठी नव्हती. मी म्हटलं, समजा आपल्या कँटीनमध्ये रोज दोनशे इडल्या होतात. एक दिवस ऐंशीच केल्या, त्यातल्याही निम्म्या उरल्या. गॅस, भाडं, आचाऱ्याचा पगार तेवढाच. मग उरलेल्या इडल्या जास्त किमतीच्या झाल्या असं धरून कँटीनवाल्याने नफा दाखवला तर? अण्णांनी लगेच मान हलवली. पस्तीस वर्षं माल सांभाळलेला माणूस तो.

"म्हणजे मागच्या वर्षीचा नफा असाच?"

"बराचसा."

"तो कुणी लिहिला होता?"

नियम, ऑडिटर, मॅनेजर, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. गेले पंधरा दिवस मी स्वतःला मोठी शूर समजत होते, ती हवा एका प्रश्नात गेली.

"मीच," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पेपरची पुन्हा घडी घातली.

"एवढ्या बारीक अक्षरांत का लिहिता अक्का? मला नातीकडून वाचून घ्यावं लागलं."

फंडाचे पैसे त्यांनी पोस्टात ठेवले. आधीचे थोडे शेअर होते ते मात्र विकले नाहीत, कंपनी आपलीच आहे म्हणाले. माझी बढती त्या वर्षी झाली नाही.

ऑक्टोबरात पुढच्या तिमाहीची जाहिरात करताना मी एजन्सीला सांगितलं की टिपा आकड्यांएवढ्याच मोठ्या अक्षरांत हव्यात, दोन्ही भाषांत. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, हे आता कोणासाठी? टिपा वाचणारी माणसं आहेत, मी म्हटलं, आणि बोधचिन्हावर पुन्हा लाल रेघ मारली.