बाबांनी आज पाठ फिरवली नाही

मंडळी, आत्ताच बाळकुमहून कबड्डीची मॅच बघून आलेय. ओरडून ओरडून घसा बसलाय!

आमचे बाबा कोपरच्या आमच्या मंडळाचे जन्माचे फॅन. पण शेवटची चढाई आली की मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. आपण बघितलं की संघ हरतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे मंडळाचा प्रत्येक विजय त्यांनी नुसता ऐकलाय.

आज मुलींच्या मॅचमध्ये शेवटच्या चढाईला माझी लेक निघाली. बाबा वळणार तोच ती ओरडली, "आबा, माझी तरी बघा ना!"

बाबांनी बघितली. ती पकडली गेली आणि आम्ही हरलो.

कोच हसत म्हणाला, "काका, पुढच्या वेळी पाठ फिरवा हं."

"छट्! हरलात तरी चालेल, मी बघणार!"

तुमच्या घरी आहे का कुणी असं?