धुतलेली चाल

इसोबेसान गेल्याचं पत्र माझ्या हातात पडलं, तेव्हा त्यांना जाऊन सात आठवडे होऊन गेले होते. इथे कुवेतमधल्या जहऱ्यात माझं पाट्या रंगवण्याचं लहानसं दुकान आहे. त्या दिवशी सकाळपासून धूळ उठली होती म्हणून दार लावून मी एका बेकरीची पाटी रंगवत बसलो होतो. पाकिटावरचं जपानी तिकीट पाहून आधी आनंदच झाला. पत्र मात्र त्यांच्या धाकट्या बहिणीचं होतं. ती तिकडे शाळेत इंग्रजी शिकवते. भाऊ छातीच्या विकारानं वारला, शेवटच्या महिन्यात बसूनच झोपत असे, असं तिनं लिहिलं होतं. आणि खाली एक विचारणा होती. समुद्रावरच्या बाईचा जो सिनेमा भावानं केला, त्यातली तिची परतीची चाल कुवेतमध्ये त्याच्याच निष्काळजीपणामुळे धुतली गेली, असं तो सांगत असे. त्या चालीचं एखादं चित्र, निदान एखादी आठवण, तुमच्याकडे उरली आहे का?

ते पत्र मी किती वेळा घडी करून ठेवलं आणि पुन्हा उघडलं, सांगता येत नाही. दुकानात बसवेना, बाहेर पडवेना. निष्काळजीपणा त्यांचा नव्हता. ती चाल मी धुतली, आणि जाणूनबुजून धुतली. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली. ज्याला सांगायचं होतं तो माणूस आता नाही, म्हणून ते इथे, अनोळखी वाचकांसमोर लिहितो आहे. यात थोडा भित्रेपणा आहे, हे मला कळतं.

त्या वेळी मी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर एका तेल कंपनीच्या कॅम्पात पेंटर होतो. 'विडी ओढू नये', 'शिरस्त्राण घाला' अशा पाट्या अरबी, उर्दू आणि इंग्रजीत रंगवणं हे माझं काम. पण पाट्या वाचणार कोण? आमच्या रत्नागिरीची पोरं, इराणी, पठाण, वाळवंटातले बदू अरब, निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. दर महिन्याला कुणाचं तरी बोट जायचं, कुणी तरी भाजायचं. म्हणून कंपनीनं ठरवलं की शब्दांशिवाय समजेल असा चित्रांचा सिनेमा करायचा, आणि त्यासाठी जपानहून इसोबेसान आले. चाळिशी ओलांडलेले, बारीक, कानावर पेन्सिल. मला त्यांच्या हाताखाली दिलं, कारण अख्ख्या कॅम्पात ब्रश धरता येणारा मी एकटाच होतो. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत चालायचं. मला ते 'युसुफुसान' म्हणत, 'सान' म्हणजे आपलं 'राव'. शेवटचा 'फ' त्यांना मोकळा सोडताच यायचा नाही. आमच्या खोलीतला स्वयंपाकी हसनमामू दापोलीचा. तो त्यावरून मला चिडवायचा, "काय फुसान, आज किती रेघोट्या वडल्यास?"

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर एक चित्र काढायचं, पुढच्या तावावर तेच चित्र केसभर हललेलं. असे शेकडो ताव एकामागून एक कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक फोटो घ्यायचा, मग पडद्यावर माणूस चालतो. ताव महाग. त्यामुळे फोटो झाला की ताव साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, मऊ फडक्यानं पुसून कोरे करायचे आणि पुन्हा वापरायचे. पहिले तीन आठवडे इसोबेसाननी मला दुसरं काही करू दिलं नाही, फक्त ताव धुवायला लावले. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "मी दोन वर्षं धुतले. पंधराव्या वर्षी स्टुडिओत लागलो, तेव्हा मोठे चित्रकार दिवसभर काढायचे आणि मी संध्याकाळी सगळं पुसून टाकायचो. वाईट वाटायचं. मग पुसता पुसताच चित्र कसं हलतं ते कळलं." विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं तावांवर डाग पडत, म्हणून पिण्याच्या गोड्या पाण्याचा एक पिंप आमच्या कामाच्या बराकीत वेगळा असायचा, आणि त्यावरून हसनमामूची रोज तक्रार असायची. धुण्याचा नियम एकच. कॅमेऱ्याखालून गेलेला गठ्ठा पालथा ठेवायचा, न गेलेला उताणा. पालथा दिसला तरच धुवायचा.

आपल्या आयुष्याबद्दल ते तुकड्यातुकड्यांनी सांगत. स्टुडिओतली पहिली वर्षं माकडांच्या आणि कोल्ह्यांच्या छोट्या गोष्टी रंगवण्यात गेली. मग युद्ध आलं, आणि आरमारातल्या पोरांना तोफ कशी भरायची, बुडती बोट कशी सोडायची, हे शिकवणारे सिनेमे त्यांनी चार वर्षं काढले. त्याबद्दल ते एकदाच बोलले. "माझी चित्रं चांगली होती, युसुफुसान. पोरं लवकर शिकायची आणि लवकर जायची." युद्धानंतर साबणाच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती. आमच्या सिनेमासाठी त्यांनी एक ढेरपोट्या टोपीवाला काढला होता. तो बिचारा प्रत्येक दृश्यात काही तरी चूक करून स्वतःचे हाल करून घ्यायचा. पहिले तुकडे दाखवले तेव्हा पठाण बाकावरून खाली पडेपर्यंत हसले, आणि हसनमामू बाहेर येऊन म्हणाला, "त्या टोपीवाल्यानं काडी वडली नि मी हितं विडी विझवली. येडा हाय का मी?"

कंपनीचं काम संपलं की ते स्वतःच्या ट्रंकेतले, स्वतःच्या पैशानं आणलेले ताव काढत. त्यावर त्यांची आई होती. ओहोटीला समुद्रात जाऊन शेवाळ काढणारी, किनाऱ्यावरच्या गावातली बाई. युद्धाच्या शेवटच्या वर्षी ती वारली, तेव्हा ते आरमाराच्या चित्रांत अडकले होते, सुट्टी मिळाली नाही. एकदा काम थांबवून म्हणाले, "तिचा चेहरा आठवतो. हात आठवतात. चाल आठवत नाही. शंभरदा काढली, सगळ्या बायका वेगळ्याच निघतात." मी सहज बोलून गेलो की माझी आईही ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कशी चालते?" मला लाज वाटली, पण लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून मी बराकीत चालून दाखवलं. चिखलात पाय टाकताना आधी बोटं, मग टाच, परत येताना टोपलीचं वजन डाव्या कमरेवर, म्हणून उजवा खांदा पुढे. "पुन्हा," ते म्हणाले. त्या महिन्यात मी किती वेळा आई होऊन चाललो असेन... परतीची चाल त्यांनी पेन्सिलीशिवाय, थेट ब्रशनं तावांवर काढली. कागदावरून उतरवली की ती मरते, असं त्यांचं म्हणणं. सत्तरहून जास्त ताव झाले. जाण्याच्या चालीचे फोटो झाले होते, ते ताव त्यांनी स्वतःच कंपनीच्या कामासाठी धुवायला दिले होते. परतीचा गठ्ठा मात्र उजव्या फळीवर, उताणा, मध्ये पातळ कागद घालून ठेवलेला होता.

अशात घरून भावाचं पत्र आलं. आई अंथरुणाला खिळली होती, बघायची असेल तर पुढच्या बोटीनं ये. मी कॅम्प मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "फिल्म पूरी करो, फिर छुट्टी." पासपोर्ट त्याच्या कपाटात. फिल्म पुरी होण्यात एकच शेवटचं दृश्य उरलं होतं, त्यासाठी साठेक ताव हवे होते, आणि नव्या तावांचं खोकं कस्टमच्या गोदामात अडकलं होतं. जुने ताव धुऊन धुऊन ओरखड्यांनी आंधळे झाले होते. बोट आठ दिवसांवर होती. शुक्रवारी सकाळी इसोबेसान त्या खोक्याच्या चौकशीसाठी शहरात गेले. हसनमामूनं नमाजाला जाताना विचारलं, "काय रं, जुम्म्याला येनार नाय?"

"डोकं धरलंय मामू."

"डोकं तुझं त्या जपान्यानंच धरलंय," म्हणत तो गेला.

मी बराकीत गेलो, उजव्या फळीवरचा गठ्ठा उचलला आणि पालथा ठेवला. मग बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. किती वेळ, आठवत नाही. पुन्हा आत गेलो, तेव्हा गठ्ठा पालथा होता, आणि पालथा गठ्ठा धुवायचा असतो. असं मी स्वतःला सांगितलं. पहिल्या तावावरून फडकं फिरवलं तेव्हा माझ्या आईचा खांदा पुसला गेला. मी बघत होतो, थांबलो नाही. जुम्मा सुटून लोक परत येईपर्यंत सगळे ताव कोरे होऊन दोरीवर वाळत होते.

इसोबेसान संध्याकाळी रिकाम्या हातानं आले. दोरीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. मी म्हणालो, "पालथे होते म्हणून धुतले." मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते माझ्यासमोर दोन्ही हात मांड्यांना लावून कमरेत खाली वाकले. "मीच पालथा ठेवला असणार. तुम्ही इतक्या वेळा चालून दाखवलंत, तुमची मेहनत मी वाया घालवली. माफ करा." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. मी म्हणालो, "जाऊ द्या." हेच शब्द माझ्या तोंडून निघाले. मी त्यांना माफ केलं.

त्याच तावांवर सहा दिवसांत शेवटचं दृश्य झालं. मला पासपोर्ट मिळाला, बोट मिळाली. आई अकरा दिवस माझ्यासमोर होती. माझ्या हातून पेज प्यायली, मला ओळखलं, दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. या अकरा दिवसांमुळे माझा पश्चात्ताप धड पुरा होत नाही. तो गठ्ठा पालथा केला नसता तर हे दिवस मिळाले नसते, असं मन म्हणतं, आणि लगेच दुसरीकडून येतं की मी नुसतं विचारलं असतं तर? माझी आई आजारी आहे, हे तोंडानं सांगितलं असतं, तर ज्या माणसाला स्वतःच्या आईकडे पोचता आलं नव्हतं, त्यानं ते ताव आपल्या हातानं धुतले असते. हे मला त्या शुक्रवारीही माहीत असायला हवं होतं. कदाचित माहीत होतंही. पण विचारलं तर नकार येऊ शकतो, आणि तेवढी जोखीम मला नको होती.

मी परत आलो तोवर त्यांचा करार संपून ते जपानला गेले होते. पुढे त्यांनी मुलांसाठी बऱ्याच छोट्या गोष्टी केल्या, नव्या मुलांना शिकवलं, दर वर्षी मला एक चित्र धाडलं. प्रत्येक उत्तरात मी खरं लिहायचं ठरवायचो आणि इथल्या हवेबद्दल लिहायचो. तीन वर्षांपूर्वी इथल्या जपानी मंडळींच्या क्लबात त्यांचा आईवरचा सिनेमा दाखवला, मला आग्रहाचं बोलावणं होतं. बाई घरातून निघते, ओहोटीच्या चिखलातून दूर जाते, वाकते. मग पडद्यावर नुसता चिखल राहतो. आणि त्यात पाऊल उमटतं. आधी बोटं, मग टाच. मग दुसरं. बाई कुठेच नाही, फक्त पावलं एकेक करत घरापर्यंत येतात. दिवे लागल्यावर एका जपानी अधिकाऱ्यानं मला पुढे बोलावलं. "तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत. बाई परत येताना का दिसत नाही, ते सांगा ना." चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तो त्यांचा विचार असेल." त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या बहिणीला मी परवा उत्तर लिहिलं. गठ्ठा तुमच्या भावानं पालथा केला नव्हता, मी केला, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. का केला तेही लिहिलं. ती ते वाचून काय म्हणेल, मला माहीत नाही. पत्र फाडून टाकलं तरी तो तिचा हक्क आहे. मग तिच्या विचारण्याला उत्तर द्यायला बसलो, की ती चाल कशी होती. ताव एकही उरलेला नाही, पण मी ती जन्मापासून पाहिलेली, निदान शब्दांत तरी सांगू शकेन असं वाटलं. दुकानाचं दार लावलं, लुंगी खोचली, भिंतीपासून भिंतीपर्यंत चालून पाहिलं. जमेना. डोळे मिटून खाडीतल्या आईला आणायला गेलो, तर ती येईना. तिच्या जागी दिसले ते इसोबेसान. माझ्यासमोर माझी नक्कल करत, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, पांढऱ्या बारीक पोटऱ्या, कमरेवर टोपली म्हणून डाव्या हातानं धरलेला रिकामा डबा, टेबलापासून खिडकीपर्यंत बोटं टेकवत, उजवा खांदा पुढे काढत, आणि मध्येच थांबून मला विचारणारे, "बरोबर आहे का, युसुफुसान? अशीच ना?"