कातड्याचं हृदय

“चमार है हुजूर. मरम्मत के वास्ते बुलाया है.”

हे वाक्य माझ्या गुरुजींचं. माझ्याबद्दलचं. शाळेच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच पाय ठेवला होता. शाळा तपासायला, म्हणजे मुआयन्याला, आलेले तालीम खात्याचे साहेब खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी सहज विचारलं होतं, “ये कौन है?”

तीन वर्षं मी त्या शाळेच्या ओसरीवर बसून शिकत होतो. तीन वर्षं गुरुजी मला नावानं हाक मारत होते. आमच्या पोरांना नावानं हाक मारणारा गावातला तो पहिला माणूस. त्या दिवशी ते माझं नाव विसरले असतील, अशी समजूत मी पुष्कळ वर्षं घालून घेतली. माणूस घाबरला की विसरतो. पण ते विसरले नव्हते. जे बोलले ते ठरवून बोलले होते.

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं, उमापूरच्या बाजूचं. तेव्हा निजामाचा अंमल. बाप वहाणा शिवायचा, विहिरीच्या मोटा शिवायचा, लोहाराच्या भात्याचं कातडं बदलायचा. गावातली एकूणएक मोट बापाच्या हातची. त्या मोटेनं पाणी वर यायचं, आणि बापाला तहान लागली तर कुणी वरून ओंजळीत ओतेपर्यंत त्यानं उभं राहायचं. कातडं चालायचं. माणूस चालायचा नाही.

गुरुजी पैठणकडचे. वहाण तुटली म्हणून आमच्या घराकडे आले, तर मी आरीनं कातड्याच्या तुकड्यावर चावडीवरची अक्षरं कोरत बसलो होतो. ते वाकून बघत राहिले.

“याला शाळेत पाठव,” बापाला म्हणाले.

“आमच्यातलं पोरगं? गाव काय म्हनंल म्हाराज?”

“गावाचं मी बघतो. ओसरीवर बसू दे.”

आणि गावाचं त्यांनी खरोखर बघितलं. देशमुखांशी बोलले. मला पाटी दिली. मराठीबरोबर उर्दूची अक्षरं शिकवली, उजवीकडून डावीकडे हात कसा न्यायचा ते दारातून हवेत बोट फिरवून दाखवलं. हे त्यांनी केलं. हे मी आजही मान्य करतो, आणि म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

तिसऱ्या साली गुरुजींनी शरीराचा धडा घेतला. भिंतीवर एक रंगीत तक्ता लावला. माणसाचं हृदय. मी बसायचो तिथून दाराच्या फळीमुळं अर्धंच दिसायचं. उरलेलं अर्धं मी कानानं शिकलो. मुठीएवढं असतं. छातीच्या मधोमध, जरा डावीकडं झुकलेलं. आत चार खाने, म्हणजे कप्पे. वरचे दोन रक्त घेणारे, खालचे दोन ढकलणारे. सगळ्या अंगातून फिरून आलेलं काळसर रक्त उजवीकडे येतं. तिथून ते फुप्फुसात जातं, हवा घेतं, लालभडक होतं आणि डावीकडे परत येतं. मग डावीकडचा खालचा खाना ते डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत ढकलतो. म्हणून त्याची भिंत सगळ्यात जाड.

मी ओसरीवरून विचारलं, “गुरुजी, खालचा खाना दाबला की रक्त परत वरच्या खान्यात कावून जात न्हाई?”

“मधे पडदे असतात. एकाच बाजूला उघडणारे.”

“भात्याच्या झडपेवानी?”

गुरुजी दारात आले. “कसली झडप?”

मी सांगितलं. लोहाराच्या भात्याला आतून कातड्याची जीभ असते. भाता फुगला की ती उघडते, हवा आत येते. दाबला की मिटते, मग हवा पुढंच जाते, मागं नाही. बापाबरोबर मी कितीदा शिवली होती.

गुरुजींनी टाळी वाजवली. “ऐकलंत का रे? याला म्हणतात शिकणं!”

सगळा वर्ग मान वळवून ओसरीकडे बघत होता. मला वाटलं, आता आपल्याला काही नको.

त्याच दिवशी, पोरं गेल्यावर, त्यांनी मला अंगणात उभं केलं. बाभळीचा काटा स्वतःच्या बोटाला टोचला आणि थेंब पळसाच्या पानावर पाडला. मग दुसरा काटा माझ्याकडे टाकला. मी टोचून घेतलं. माझा थेंब त्यांनी दुसऱ्या पानावर पाडायला सांगितला. दोन्ही पानं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली.

“बघ. काही फरक दिसतो? रक्ताला जात नसते, बाळ.”

मी पळत घरी गेलो आणि आईला हे सांगितलं. आई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, “एकाच पानावर कावून न्हाई टाकलं मग?”

मला आईचा राग आला होता.

पावसाळा संपल्यावर गुरुजी म्हणाले, “साहेब मुआयन्याला येणार आहेत. तू कातड्याचं हृदय कर. झडपांसकट. ते बघितलं की साहेब खूश होतील. मी त्यांना तुझं नाव सांगतो. शिकायला सरकारी वजीफा मिळाला तर औरंगाबादला पाठवू तुला.”

औरंगाबाद. मी गेवराईसुद्धा बघितलं नव्हतं.

बापानं करडाचं मऊ कातडं काढून दिलं, जे तो देशमुखीणबाईंच्या जोड्यासाठी राखून होता. मी चार पिशव्या शिवल्या, दोन वर, दोन खाली. मधे झडपा बसवल्या. बांबूच्या बारीक नळ्या मेण लावून जोडल्या. खालची पिशवी मुठीत दाबली की तांबडं पाणी नळीतून उडायचं आणि वरच्या पिशवीत एक थेंब परत जायचा नाही. बाप बघत बसला होता. म्हणाला, “म्हंजी आपल्या छातीत लोहार बसलाय म्हन की!” आणि हसला. त्याला असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

गुरुजी म्हणाले, देशमुखांच्या रंगरावालाही समजावून सांग, दोघं मिळून दाखवा. रंगराव माझ्याच वयाचा. तो दाराच्या आत बसायचा, मी बाहेर. मला त्याचा मास्तर झाल्यासारखं वाटायचं. मनापासून शिकवलं मी त्याला.

“ठोके कसे असतेत ते तर कळू दे,” तो एकदा म्हणाला.

“छातीला कान लाव.”

“कुणाच्या? तुझ्या? आई मला घरात घील का बे?”

मग त्यानं वासराच्या छातीला कान लावला. वासरानं लाथ मारली. तो धुळीत पडला आणि आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो. रंगराव वाईट नव्हता. हेही लिहून ठेवतो.

एवढंच मी त्याला आणि गुरुजींना बजावलं होतं की कातडं ओलं ठेवा. वाळलं तर झडप ताठते. पण आदल्या दिवशी गुरुजींनी हृदय नेलं आणि ओलं फडकं न गुंडाळता फळीवर ठेवून दिलं.

मुआयन्याच्या सकाळी मला ओसरीच्या टोकाला, खांबाआड बसायला सांगितलं. “बोलावलं की ये,” गुरुजी म्हणाले. नळीत पाणीही त्यांनी स्वतःच भरलं. मी भरायला गेलो तर म्हणाले, “राहू दे. ते हातात घ्यायचंय रंगरावाला.” मी ते ऐकलं, आणि तरीही मला काही उमगलं नाही. मी नावाची वाट बघत होतो.

साहेब आले. सतरंजी, खुर्ची, गजरे. रंगराव उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. चार खाने, काळसर रक्त, लाल रक्त, जाड भिंत. एकही चूक नाही. भात्याच्या झडपेचा दाखलासुद्धा दिला. माझे शब्द होते. मला खिडकीतून ऐकताना अभिमानच वाटत होता.

“बहुत खूब! ये बनाया किसने?” साहेबांनी विचारलं.

मी उठून उभा राहिलो.

“इसी लड़के ने, हुजूर,” गुरुजी म्हणाले. “देशमुख साहेब के फर्जंद हैं.”

मी उभाच.

आत रंगरावानं हृदय दाबलं. झडप ताठलेली. तांबडं पाणी पुढं जायच्या ऐवजी उलटं वर आलं आणि त्याच्या कोटावर उडालं. साहेब मोठ्यानं हसले. “वाह! ये दिल तो उलटा चलता है!”

गुरुजींना घाम फुटला. ते दारात आले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

“ए. आत ये. नीट करून दे.”

मी आत गेलो. पहिल्यांदा तो तक्ता मला पूर्ण दिसला. आणि मग साहेबांनी विचारलं, आणि गुरुजी ते बोलले, जे मी सुरुवातीला लिहिलं आहे.

हृदय माझ्या हातात होतं. झडप जरा ओली करून चोळली असती तर काम झालं असतं. बोटं आपोआप चालू लागली होती. तेवढ्यात ती दोन पानं माझ्या डोळ्यांपुढं आली. पळसाची. शेजारी शेजारी, पण दोन.

मी हृदय सतरंजीवर ठेवलं.

“हुजूर, मरम्मत मेरा बाप करता है. मैं इस मदरसे में पढ़ता हूँ. ये मैंने बनाया.”

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. “सच है?”

“नहीं हुजूर. बाहर बैठता है. सुनता है, बस.”

साहेबांनी रंगरावाला विचारलं, “तुम बोलो. किसने बनाया?”

रंगरावानं गुरुजींकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. “मैंने.”

तीन वर्षं माझ्या पाढ्यांचा आवाज ऐकणारी ती पोरं. एक जण बोलला नाही.

मी बाहेर आलो. ओसरीवर थांबलो नाही.

वजीफ्यासाठी रंगरावाचं नाव गेलं. गुरुजी आमच्या घराकडे पुन्हा आले नाहीत. हृदय शाळेमागच्या उकिरड्यावर पडलेलं बापाला सापडलं. तो म्हणाला, “कावून बोललास रं? दिलं आसतंस नीट करून.” मग त्यानं त्याची शिवण उसवली. कातडं चांगलं होतं. त्यातनं कुणाच्या तरी वहाणांचे अंगठे निघाले.

ठरवलं ते आईनं. “ह्यो आता हितं ऱ्हानार न्हाई.” तिनं मला मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, हद्दीबाहेर, शेवगावला, माझ्या मामाकडे धाडलं. मामाच्या घरातून मी शाळेत गेलो, पुढं नगरच्या वसतिगृहात राहिलो, पुण्यात बी.ए. झालो. मामानं स्वतःच्या पोरांच्या ताटातलं मला वाढलं. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवायच्या. या माणसांचे उपकार मी मोजत नाही, ते माझ्या अंगात आहेत.

नगरला मास्तर झाल्यावर आजारी आईला बघायला गावी गेलो होतो. बाप तोवर गेला होता. दुपारी रंगरावाची छकडागाडी आमच्या घरांच्या अलीकडेच थांबली. तो उतरून आमच्या अंगणाच्या कडेला दगडावर टेकला. अंगानं भरला होता. मला बघून खरंच आनंदला.

“गुरुजींचा सत्कार हाय. नोकरी संपली त्यांची. तू यायला पायजे. दोन शब्द बोल.”

“मी कशाला?”

“कशाला म्हंजी? आपल्या शाळंचा पहिला बी.ए. तू! गुरुजी स्वतः म्हनले, माझा विद्यार्थी हाय तो. लई अभिमान हाय त्यांना.”

अंगणातल्या खाटेवरून आई खोकली.

“रंगराव, साहेबांनी विचारलं तव्हा तू ‘मी बनवलं’ कावून म्हनलास?”

त्याचा चेहरा उतरला. “ल्हान होतो बे. गुरुजींनी डोळा केलता. आता ते कशाला उकरतोस?”

“मी बसायचं कुठं सत्काराला?”

“मांडवात की. कडंला तुला येगळी खुर्ची टाकू. चांगली.”

आई माझ्याकडे बघत होती. तिला त्या पानांची आठवण झाली असणार. मलाही झाली.

मी म्हणालो, “येतो. गुरुजींनी मला पाटी दिली ते सांगतो. हृदय शिकवलं ते सांगतो. आणि साहेबांपुढं काय म्हनले तेबी सांगतो. सगळं बोलू देनार असशील तर सांग.”

“सत्कारात आसलं बोलतेत व्हय?” तो उठला. जाताना म्हणाला, “उपकार इसरू ने मानसानं.”

त्याची गाडी गेली. परत बोलावणं आलं नाही. सत्कार झाला, आणि शाळेचा पहिला पदवीधर म्हणून भाषणात माझं नाव घेतलं, असं पुढं कळलं. गरज होती तेव्हा त्यांना माझं नाव आठवलं.

मी उपकार विसरलेलो नाही. पाटी गुरुजींनी दिली, ती माझ्या आठवणीत त्यांच्याच नावानं राहील. पण ज्या शाळेनं मला आपला म्हटलं नाही, तिची शोभा मी होणार नाही. कडेची खुर्ची घेणार नाही, मग ती कितीही चांगली असो. माझ्या वर्गात आज ज्या मुलानं वस्तू केली असेल, तोच उभा राहून ती दाखवतो, आणि दाराबाहेर कुणी बसत नाही. आणि गुरुजी हयात असोत की नसोत, रंगराव समोर असो की नसो, जो विचारेल त्याला मी एवढं सांगत राहणार: मी त्या शाळेत शिकत होतो. ते हृदय मी शिवलं होतं.