थोरल्या आईची कर्टोली

थोरली आई खुरपं घेऊन बसली की गवताशी भांडायची. काँग्रेस गवताला "मेल्या, तुला कोनी बोलावलं हुतं?" असं विचारून मगच उपटायची. घाणेरीच्या झुडपाला अंघोळ करायला सांगायची. पाटाच्या चारीच्या कडेला माजलेल्या बेशरमीवर तर तिचा विशेष राग. "कितीबी तोडा, पुन्ना हजर. ह्याला निवडनुकीला उभं करा, पडायचं न्हाई," म्हणायची.

ती माझी चुलती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर आम्ही सगळी भावंडं तिच्या हातची भाकर खाऊन वाढलो. तिला स्वतःला मूल झालं नाही. आमच्या ते फार उशिरा लक्षात आलं, कारण आमची आई शेतात आणि ही घरात, रागावणं आणि जेवू घालणं दोन्ही हिच्याकडेच होतं.

तिचं माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरात. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत येताना तिनं पिशवीतून कर्टोलीचे कंद आणले आणि कुंपणाच्या कडेनं लावले. पावसाळ्यात वेल आपोआप वर यायचे आणि श्रावणात भाजी व्हायची. कांदा-मिरचीवर परतलेली, जरा करपलेली. त्यातल्या एकदोन वेलांना नुसती फुलं यायची, फळ कधीच धरत नसे. त्यांना आमच्याकडे वांझ कर्टोली म्हणतात. कर्टोली न्यायला आलेल्या बायका त्या वेलापाशी पोचल्या की आवाज खाली करायच्या आणि लगेच उसाचं काहीतरी विचारायच्या.

तिनं एकदा ते वेल खणून काढले होते. नवी असताना सासू बोलून गेली होती, "एक कुंपनावर, एक घरात." दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं कुदळ घेतली. पुढच्या वर्षी बाकीच्या वेलांवरची बारकी फळं पिवळी पडून गळून गेली, भाजीपुरतीही कर्टोली मिळाली नाही. मग माहेरी जाऊन तिनं त्याच वेलाचा कंद पुन्हा आणला. "त्येच्याबिगर बाकीच्यास्नी करमत न्हाई," असं ती आम्हाला हसत सांगायची. सासूचं वाक्यही तशीच हसत सांगायची.

मी श्रीरामपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी कॉलेजच्या बागेत नावांच्या पाट्या लावायचं ठरलं आणि स्टाफरूममध्ये जुंपली. एका मॅडमचं म्हणणं होतं की घाणेरी, बेशरम, वेडी बाभूळ, वांझ कर्टोली असली नावं मुलांपुढे लिहू नयेत. वांझ हा शब्द वाचून जिच्या काळजात तुटतं तिचा विचार करा, असं त्या म्हणाल्या. एका सरांना ते पटेना. लोकांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेली नावं, आपण कोण बदलणारे? पाट्या रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे दोघंही माझ्यावर चिडले. रविवारी वस्तीवर गेलो तेव्हा मी हा घोळ थोरल्या आईच्या कानावर घातला.

ती ओसरीवर घेवड्याच्या शेंगा निवडत होती. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, बाजेवर पडले होते. मी नावं सांगितली. ती हातातली शेंग मोडत म्हणाली, "एक गाळलंस."

मी शेंगा निवडायला घेतल्या.

"वांझ कर्टोली म्हन की. नाव लागत न्हाई रं मला. तुमी सारी माज्यापुढं आवाज बारीक करता, ते लागतं. लाव पाटी, चांगली मोठी लाव."

"पण थोरली आई, तो वेल वांझ नाहीच," मी म्हणालो. "तो नर आहे. पपईत नर असतो ना, तसा. त्याच्या फुलांवाचून बाकीच्या वेलांना फळ धरत नाही."

"नर? म्हंजी बाप्या?"

ती इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "अगं माय! अन मी बाई समजून उपटला त्येला!" मग हसू थांबलं. पदरानं डोळे पुसून ती शेंगा गोळा करू लागली आणि तात्यांकडे न बघताच म्हणाली, "नगरच्या डाक्टरनं सांगितलं हुतं, पुढच्या खेपंला मालकास्नी संगं आना. पुढची खेप झालीच न्हाई."

तात्या उठले, चपला घातल्या आणि गोठ्याकडे गेले. माझा त्यांच्यावर फार जीव आहे, त्यांनी तिला कधी वाकडा शब्दही ऐकवला नाही. तरी त्या वेळी मला त्यांचा संताप आला.

"आता बदल ती पाटी," थोरली आई म्हणाली. "वाईट वाटायचं कवाच बंद झालं. पर खोटं कशापायी लिवायचं?"

"आणि बेशरम?"

"त्येचं ऱ्हाऊ दे. त्येचं खरं हाय."

कॉलेजच्या बागेत आता 'कर्टोली, नर वेल' अशी पाटी आहे. पाटीचा फोटो मी तिला मोबाईलवर दाखवला, तर अक्षर किरटं आहे म्हणाली.

थंडीत थोरली आई गेली. ताप अंगावर काढला आणि तेवढ्यानंच झालं. वस्तीवर गेलो की अजून मी आधी ओसरीकडे बघतो.

यंदाही कुंपणावर वेल चढले. परवा गेलो तेव्हा खुरपायला आलेली एक बाई तिथं थांबून तात्यांना विचारत होती, "तात्या, ही वांझ कर्टोली काढू का? उगं जागा आडवलीया."

तात्या काठी टेकत कुंपणापर्यंत गेले. "हात लावू नको. वांझ न्हाई ती. त्यो गडी हाय."

बाईला हसू आलं. "गड्याला कुठं फळं येत्यात व्हय, तात्या?"

"न्हाई येत," तात्या म्हणाले. "पर ऐकून घ्यावं लागतं बाईला."